उचल

कुडचड्याला स्टेशनच्या मागे, टाइल्सच्या दुकानावर
अरुंद जिन्याच्या टोकाला ती खोली.
एकोणीस यंत्रं. पहिल्या दिवशी मी ती मोजली,
कारण कुठे बघावं ते कळत नव्हतं,
आरशात तर मुळीच नाही.

सांताननं वही उघडली. वय? एकावन्न.
वजन? चोपन्न.
"आनी ताकद कित्याक जाय, बाय?"

म्हटलं, ब्याण्णव किलो,
खाटेवरून खुर्चीत,
दिवसाला सहा वेळा. रात्री एकदा, कधी दोनदा.
उजवीकडून तो मदत करतो. डावीकडून नाही.

त्यानं आधी गाणं बंद केलं.
मग माझ्यासोबत खोलीभर फिरला, यंत्रायंत्रापाशी थांबत,
घर दाखवावं तसा:
हे दंडांसाठी, फोटोत बरे दिसतात.
हे बसून करायचं, आणि तू त्याला बसून थोडाच उचलणार?
ह्यात वजन रुळावरून जातं, सरळ.
माणूस सरळ जात नाही.

उरला एक लोखंडी दांडा, जमिनीवरून उचलायचा.
तोच पाठीवर घेऊन खाली बसणं, उठणं.
पोटाकडे ओढणं.
आणि कोपऱ्यातली वाळूची गोण,
जिला ना कडी ना दांडी,
छातीशी धरली की एका बाजूला कलंडते
आणि आपल्याच खांद्यावर मान टाकते.
"ही सगळ्यांत वाईट," तो म्हणाला, "म्हणून ही आधी."

एवढंच? मला फसवल्यासारखं वाटलं.
फोनवर तर एक मुलगी अकरा प्रकार दाखवायची, रंगीत रबरांनी.
मी हट्ट धरला, निदान एक तरी माझ्या आवडीचं दे.
त्यानं वर दांडीकडे बोट दाखवलं: लोंबकळ.
लोंबकळले. नऊ सेकंद.
पाय जमिनीवर नाहीत आणि हातात कुणीच नाही.
त्या नऊ सेकंदांचा कुणाला काही उपयोग नव्हता.

उचल हा शब्द आमच्या घरात जुना.
सोयरू टिप्पर चालवायचा, खाण बंद पडली
तेव्हा मालकाकडून घेतलेली उचल अंगावर होती.
वाळू वाहिली, चिरे वाहिले, दुसऱ्यांच्या लग्नांचे मंडप वाहिले,
आणि फिटली ज्या महिन्यात,
त्याच महिन्यात एका सकाळी चहाचा कप
डाव्या हातातून आपोआप निघून गेला.

आता मी पाय त्याच्या पायांच्या बाहेर रोवते.
कंबर मागे, पाठ सपाट, श्वास पोटात.
सांतान म्हणतो, हातांनी नको, जमिनीला ढकल.
मी मुसरा फरशीला ढकलते
आणि सोयरू वर येतो, हनुवटी माझ्या गळ्याशी,
दाढी खुपते.
"कितें, किती झाले?" तो विचारतो, जीभ जड.
चार, मी म्हणते. अजून दोन बाकी.
त्याला वाटतं मी त्याला हसते आहे.
हसतेच.

दांडा सुरुवातीला नुसता होता, वीस किलो.
मग चाळीस. दिवाळीच्या आधी पंचावन्न.
परवा साठ, तीनदा, तिसऱ्यांदा गुडघे थरथरले.
सांताननं वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली.

त्याच दिवशी हेल्थ सेंटरच्या काट्यावर सोयरू
खुर्चीसकट, मग खुर्ची वजा करून,
एकाहत्तर.
नर्सनं आकडा कार्डावर लिहिला, रेघ मारली नाही.

घरी येऊन पेजेत तूप घातलं. नंतर आणखी एक चमचा.
बांगडा सोलून, काटे काढून, दोन्ही बाजूंचा त्यालाच.
तो म्हणाला, पुरे.
मी म्हटलं, खा.

आज सांताननं वजनाची चकती हातात घेऊन विचारलं,
बाय, पासष्ट करूया?
म्हटलं, थांब रे जरा.
त्याला आधी थोडा जड होऊ दे.

आणि दांडीला जाऊन लोंबकळले.
बावीस.